अशुभ आकड्याची किंमत

(अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आकड्याला भिणारी माणसे सर्व देशांत आढळतात. फरक इतकाच की भिण्यासाठी प्रत्येक देशाने आपला आकडा निराळा निवडलेला असतो. युरोप-अमेरिकेत तेराचा आकडा अशुभ. तेथील कित्येक उंच इमारतींत बाराव्या मजल्यानंतर एकदम चौदावा मजला येतो. इटलीत मात्र तेराचे भय फारसे नाही. तेथे लोक सतराला बिचकतात. कारण रोमन पद्धतीने लिहिलेल्या सतराच्या अक्षरांची उलटापालट केली, की 'मी जगलो', म्हणजे 'माझे जगणे संपले', अशा अर्थाचा लॅटिन शब्द तयार होतो. चीन, जपान आणि कोरिया या देशांत चाराचे भय आहे. कारण 'चार' आणि 'मृत्यू' हे शब्द त्या भाषांत उच्चाराने एक किंवा अगदी जवळचे आहेत. हाँगकाँगच्या अनेक इमारतींत चौथा, चौदावा, चोविसावा हे मजले लिफ्टच्या बटणांवर सापडत नाहीत. उलट आठ हा आकडा चिनी मनाला भाग्याचा वाटतो. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकचे उद्घाटन आठव्या महिन्याच्या आठव्या दिवशी रात्री आठ वाजता झाले. ज्या पक्षाने धर्माला अफू ठरवले, त्या पक्षाच्या राज्यात हा मुहूर्त साधला गेला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

भारतानेही यात मागे राहण्याचे कारण नव्हते. स्वातंत्र्यानंतरच्या आधुनिक भारताचे प्रतीक म्हणून चंडीगड शहर वसवण्यात आले. त्याच्या आराखड्यात बारा क्रमांकाचा सेक्टर होता, चौदा क्रमांकाचा होता; तेरा क्रमांकाचा नव्हता. मनीमाजरा या भागाला तो क्रमांक मिळायला २०२० साल उजाडावे लागले.

मराठीतही आकड्यांचे राग-लोभ आहेत. दोघांचे पटत नसले की त्यांच्यात 'छत्तीसचा आकडा' आहे असे म्हणतात. परंतु ती अंधश्रद्धा नव्हे, ते देवनागरी अंकांचे चित्र आहे. तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसलेले दिसतात, एवढाच त्याचा अर्थ. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण तर त्याहून बोलकी आहे. अधिक महिन्यामुळे वर्ष तेरा महिन्यांचे होते, आणि बारा महिन्यांच्या हिशेबाने राखलेली कणगी तेराव्या महिन्यात तळ दाखवते. येथे तेराची धास्ती आहे, पण ती ग्रहांची नाही, धान्याची आहे. हा शेतकऱ्याचा हिशेब आहे. आकड्याचे भय आणि आकड्याचा हिशेब या दोहोंतला हा भेद प्रथमच स्पष्ट केलेला बरा.

तेरावा मजला गाळला म्हणून कोणाचे फारसे बिघडत नाही. चौदावा म्हणून जो मजला दाखवला जातो तो मोजला तर तेरावाच भरतो, आणि तेथे राहणारे सुखाने नांदत असतात. त्यामुळे अशा समजुतींकडे हसून पाहण्याची सुशिक्षितांना सवय झालेली आहे. 'असेना का, कोणाचे काय जाते?' असा प्रश्न विचारला जातो. हा प्रश्न चांगला आहे. किंबहुना प्रत्येक अंधश्रद्धेला हाच प्रश्न विचारला पाहिजे: कोणाचे काय जाते? अशुभ आकड्याची किंमत कोण देतो? या प्रश्नाचे फार स्पष्ट उत्तर जपानच्या विसाव्या शतकातील इतिहासाने देऊन ठेवले आहे.

भारतीय पंचांगात प्रभव, विभव अशी साठ संवत्सरांची नावे आहेत. चिनी परंपरेतही साठ वर्षांचे चक्र आहे, परंतु त्याची रचना वेगळी. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वे प्रत्येकी दोनदा घेऊन दहाची एक माळ होते. उंदीर, बैल, वाघ, ससा अशा बारा प्राण्यांची दुसरी माळ. या दोन माळा बरोबरीने फिरवल्या की साठ वर्षांनी पहिली जोडी पुन्हा जुळते. यात गूढ काही नाही. दहा आणि बारा यांचा लघुतम साधारण विभाज्य साठ येतो, हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. हे चक्र चीनमधून जपानमध्ये गेले. त्यातील त्रेचाळिसावे वर्ष हे अग्नी आणि घोडा यांच्या जोडीचे. जपानी भाषेत 'हिनोए-उमा'. १९०६, १९६६ आणि २०२६ ही अशी वर्षे होत.

या वर्षाविषयी जपानमध्ये एक समजूत रूढ झाली. या वर्षी जन्मलेली स्त्री स्वभावाने तापट, अनावर होते, आणि ती नवऱ्याचे आयुष्य खाते. लक्षात घ्या, समजूत स्त्रीविषयी आहे. त्याच वर्षी, त्याच महिन्यात, कदाचित त्याच घटकेला शेजारच्या घरी जन्मलेल्या मुलग्याला अग्नीही बाधत नाही आणि घोडाही. ग्रहताऱ्यांना स्त्री-पुरुष भेद कळतो तो माणसाने शिकवल्यामुळे.

या समजुतीला एका मुलीच्या कथेने बळ दिले. सतराव्या शतकात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, एका भाजीविक्याची ओशिची नावाची मुलगी होती. आगीत घर गेले म्हणून कुटुंबाने मंदिरात आसरा घेतला. तेथे एका तरुणावर तिचा जीव जडला. घर पुन्हा उभे राहिल्यावर ताटातूट झाली. पुन्हा आग लागली तर पुन्हा भेट होईल, अशा वेड्या आशेने तिने आग लावली असे सांगतात, आणि १६८३ साली त्या कोवळ्या वयाच्या मुलीला जिवंत जाळण्याची शिक्षा झाली. तिच्यावर कथा लिहिल्या गेल्या, नाटके रचली गेली. आणि पुढच्या बाहुलीनाट्यांनी तिचा जन्म १६६६ चा, म्हणजे अग्नि-अश्वाच्या वर्षाचा, असल्याचे रूढ करून टाकले. एका पोरक्या प्रेमाची आणि एका क्रूर शिक्षेची ही गोष्ट. परंतु समाजाने त्यातून शिक्षेविषयी प्रश्न काढला नाही, मुलींच्या जन्मवर्षाविषयी नियम काढला!

१९०६ साली हे वर्ष आले तेव्हा जपान रशियावर विजय मिळवून नुकताच जगापुढे उभा राहिला होता. त्या काळी संततिनियमनाची साधने सामान्य माणसापाशी नव्हती. तेव्हा लोकांनी दुसरा उपाय केला. मुलगी झाली तर तिचा जन्म आदल्या किंवा पुढल्या वर्षी नोंदवायचा! त्या वर्षीच्या जन्मनोंदीत शंभर मुलींमागे १०८ हून अधिक मुलगे दिसतात. शेजारच्या वर्षांत हे प्रमाण बरेच कमी आहे. मुली जन्मल्या होत्या, फक्त कागदावरून सरकवल्या होत्या. ज्यांच्या बापांना असे करता आले नाही किंवा सुचले नाही, त्या मुली लग्नाच्या वयाच्या झाल्या तेव्हा, १९२० नंतरच्या दशकात, लग्न मोडल्याच्या आणि जीव दिल्याच्या बातम्या जपानी वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. आकड्याच्या किमतीचा तो पहिला हप्ता होता.

पुढचे अग्नि-अश्वाचे वर्ष १९६६ चे. आता या साठ वर्षांत जपान कोठून कोठे गेला ते पाहा. साक्षरता जवळजवळ संपूर्ण झालेली होती. १९६४ साली तोक्योत ऑलिंपिक झाले, त्याच वर्षी तोक्यो आणि ओसाका यांच्यामध्ये जगातील पहिली अतिवेगवान रेल्वे धावू लागली. आणखी दोन वर्षांत, १९६८ साली, हा देश पश्चिम जर्मनीला मागे टाकून भांडवलशाही जगातील दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था होणार होता. अशा देशात १९६५ साली १८ लाख २४ हजार बालके जन्मली. १९६६ साली जन्मली १३ लाख ६१ हजार. १९६७ साली पुन्हा १९ लाख ३६ हजार. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. तरी एका वर्षात जन्मसंख्या पाव हिश्शाने खाली आली आणि वर्ष संपताच पूर्ववत झाली. ज्या चीनमधून हे चक्र आले, त्या चीनमध्येही त्या वर्षी एवढी घसरण झाली नाही.

ही चार लाख त्रेसष्ट हजारांची तूट म्हणजे तेवढी बालके कायमची नाकारली गेली असे नव्हे. कित्येक जोडप्यांनी मूल वर्षभर आधी किंवा नंतर होऊ दिले. काहींनी नोंदीत पुन्हा हातचलाखी केली. परंतु मुख्यतः हे घडले ते संततिनियमनाच्या साधनांनी आणि गर्भपाताने. जपानमध्ये गर्भपाताला १९४८ पासून कायद्याने मुभा होती. गर्भ मुलाचा की मुलीचा हे सांगणारे यंत्र तेव्हा नव्हते. म्हणून मुलगी टाळण्यासाठी मुलगेही टाळले गेले. आणि या कथेला याहून काळी एक बाजू आहे. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी संशोधनात १९६६ च्या नवजात मुलींच्या मृत्यूंची तपासणी करण्यात आली. अपघात आणि हिंसा या सदराखाली नोंदलेले त्यांचे मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक आढळले. यावर अधिक भाष्याची आवश्यकता नाही.

आता विचार करण्याची गोष्ट अशी. १९०६ चा जपान अधिक श्रद्धाळू होता, १९६६ चा अधिक शिकलेला. तरीही १९०६ साली जन्मसंख्येतली घट त्या मानाने किरकोळ होती, आणि १९६६ साली ती पंचवीस टक्क्यांवर गेली. श्रद्धा वाढली होती काय? नाही. वाढले होते ते सामर्थ्य. आजीपाशी केवळ भय होते; नातीपाशी भय होते आणि साधनही होते. तंत्रज्ञान आले की अंधश्रद्धा आपोआप जाते, हा एकोणिसाव्या शतकातील सुधारकांचा भाबडा आशावाद होता. तंत्रज्ञान गुलामासारखे असते. ज्याची सत्ता मनावर, त्याची आज्ञा ते पाळते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. १९६६ साली मूल टाळणाऱ्या सर्वच जोडप्यांचा अग्नि-अश्वावर खरोखर विश्वास होता, असे मानण्याचे कारण नाही. त्या काळी जपानमधील निम्म्याच्या आसपास विवाह मध्यस्थांमार्फत पाहून-सवरून ठरत. तेव्हा आईबापांचा हिशेब असा: 'आमचा विश्वास नाही, पण उद्या मुलीचे स्थळ पाहायला येणारांचा असला तर? आमच्या बुद्धिवादाची शिक्षा तिने का भोगावी?' शेजारचे जोडपेही असाच हिशेब करत होते, आणि त्याच्या शेजारचेही. प्रत्येक जण दुसऱ्याच्या श्रद्धेला भीत होता आणि तो दुसरा तिसऱ्याच्या. अशा रीतीने ज्या समजुतीवर कदाचित थोड्यांचाच विश्वास होता, तिचे आज्ञापालन लाखोंनी केले. अंधश्रद्धेला श्रद्धाळू माणसांची गरज असते हा गैरसमज आहे. तिला भित्री माणसे पुरतात.

काही ठिकाणच्या स्थानिक प्रशासनांनी या समजुतीविरुद्ध मोहिमा काढल्या, हेही सांगितले पाहिजे. परंतु विवाहाचा बाजार जसाच्या तसा ठेवून केवळ प्रबोधनाची पत्रके वाटली तर काय होते, ते वरच्या आकड्यांत दिसते.

मग १९६६ साली ज्या मुली जन्मल्या, त्यांचे काय झाले? काहीच झाले नाही! त्यांच्या पिढीत संख्या कमी, म्हणून शाळेच्या वर्गात गर्दी कमी आणि प्रवेश परीक्षेत स्पर्धाही कमी. त्या वाढल्या, शिकल्या, त्यांची लग्ने झाली, त्यांचे नवरे अग्नीत जळाले नाहीत. त्यांच्यापैकी एक म्हणजे ११ सप्टेंबर १९६६ रोजी जन्मलेल्या किको. १९९० साली त्यांचा विवाह जपानच्या राजघराण्यातील राजपुत्र अकिशिनो यांच्याशी झाला, आणि त्यांचा पुत्र हिसाहितो आज त्या सिंहासनाच्या वारसांत दुसऱ्या क्रमांकावर आहे. ज्या वर्षी जन्मलेली मुलगी गरिबाच्या घरात सून म्हणून नको होती, त्या वर्षीची मुलगी सम्राटाच्या घराण्याला चालली. राजघराण्यांचे कौतुक करण्याचे समाजवाद्यांना काही कारण नाही. परंतु नियम कोणासाठी कडक असतो आणि कोणासाठी सैल, ते यातून कळते.

जपानची ही गोष्ट ऐकताना मराठी माणसाला हसू येत असेल, तर त्याने आपल्या घरातली पत्रिका उघडावी. मूळ नक्षत्रावर जन्मलेली मुलगी सासऱ्याला वाईट, आश्लेषेची सासूला, ज्येष्ठेची थोरल्या दिराला, विशाखेची धाकट्या दिराला. आणि कडक मंगळ असला तर प्रत्यक्ष नवऱ्याला. सत्तावीस नक्षत्रांच्या यादीत सासरच्या एकेका माणसाची सोय लावून ठेवली आहे. सुनेच्या आयुष्याला सासू कोणत्या नक्षत्रामुळे वाईट ठरते, याची नोंद मात्र शास्त्राने केलेली नाही. वस्तुतः वृत्तपत्रांतील हुंडाबळींच्या बातम्या पाहता त्याचीच गरज अधिक होती.

आणि आकड्याचे म्हणाल, तर या मुलखात सर्वांत अशुभ आकडा तेरा नाही, चारही नाही. तो मुलीचा क्रमांक आहे. पहिली मुलगी झाली तर लक्ष्मी म्हणतात. दुसरी झाली की घर गप्प होते. तिसरी, चौथी झाली की तिचे नावच 'नकुशी' ठेवतात, म्हणजे पुढचा तरी मुलगा होईल ही आशा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये अशा २८५ मुलींचा जाहीर समारंभ करून त्यांना नवी नावे देण्यात आली. प्रशासनाने केलेले हे काम चांगलेच होते. परंतु विचार करा, २८५ मुलींना वर्षानुवर्षे हजेरीपटावर, शिधापत्रिकेवर, गावच्या चावडीवर 'तू नको होतीस' अशी हाक मारली जात होती, आणि हाक मारणाऱ्यांत त्यांचे शिक्षकही होते.

जपानी जोडप्यांपाशी १९६६ साली जे यंत्र नव्हते, ते पुढे भारतात गावोगाव पोचले. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा देशात सर्वांत आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायद्याचा हा मान ज्या राज्याचा, त्या राज्यात २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या, आणि २०११ च्या जनगणनेत ८९४. जपानमध्ये अग्नि-अश्वाचे वर्ष साठ वर्षांतून एकदा येते. फुले-आंबेडकरांचे नाव घेणाऱ्या महाराष्ट्रात ते दरवर्षी येत राहिले.

जपानच्या कथेचा उत्तरार्ध समाजवादी कार्यकर्त्याने विशेष लक्षपूर्वक वाचण्याजोगा आहे. एका स्त्रीमागे सरासरी किती मुले होतात याचा दर १९६६ साली १.५८ इतका खाली आला होता. तो अपवाद समजला गेला. परंतु १९८९ साली हा दर १.५७ भरला, आणि १९९० साली हा आकडा जाहीर झाला तेव्हा जपानला मोठा धक्का बसला, '१.५७ चा धक्का' हेच त्याचे नाव पडले. १९८९ हे काही अग्नि-अश्वाचे वर्ष नव्हते. मग झाले काय? कामाचे न संपणारे तास, घरांच्या आणि शिक्षणाच्या चढत्या किमती, बाळंतपणानंतर नोकरी सोडायला लावणारी व्यवस्था, घरकामाचा सारा भार एकट्या स्त्रीवर: एका अशुभ वर्षाने जे एकदा केले, ते या गोष्टींनी कायमचे केले. २०२४ साली जपानी बालकांच्या जन्माची संख्या ६ लाख ८६ हजारांवर आणि हा दर १.१५ वर आला. अग्नि-अश्वाला लोक साठ वर्षे भीत राहिले. खरा घोडा दुसऱ्याच वाटेने आला, आणि त्याच्यावर स्वार झालेले हात कोणाचे होते हे कोणत्याही पंचांगात लिहिलेले नव्हते.

अंधश्रद्धेचे हेच खरे राजकारण आहे. ती दुःखाचे कारण आकाशात दाखवते, म्हणजे माणसाची नजर जमिनीवर जात नाही. आणि त्या दुःखाचे ओझे घरातील सर्वांत दुबळ्या खांद्यावर ठेवते, म्हणजे प्रतिकार होत नाही.

यावर उपाय काय? वैज्ञानिक दृष्टिकोन बाळगणे हे भारतीय नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे संविधानाच्या ५१ अ या कलमात लिहिलेले आहे. १९७६ साली, आणीबाणीतल्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, ते आले. नागरिकांचे हक्क गोठवलेले असताना त्यांना कर्तव्ये शिकवण्यात आली, हा इतिहासाचा विनोद. पण कर्तव्य चांगले आहे आणि ते टाकून देण्याचे कारण नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी हे कर्तव्य आयुष्यभर पाळले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्याची किंमत प्राणांनी दिली. त्यांनी ज्यासाठी अठरा वर्षांच्या आसपास झगडा केला, तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर त्याच वर्षी झाला. त्या कायद्याने भोंदूंना चाप बसतो. परंतु वधूवरांच्या पत्रिका जुळवणाऱ्या घरच्या बैठकीत कोणताही कायदा शिरू शकत नाही. तेथे माणसेच शिरली पाहिजेत.

आणि ती एकेकटी शिरून भागणार नाही. जपानी आईबापांचा हिशेब पुन्हा आठवा. एकट्या जोडप्याने धैर्य दाखवले तर त्याची मुलगी एकटी पडते; शंभर जोडप्यांनी एकदम, जाहीरपणे दाखवले तर त्यांच्या मुलामुलींचा एक समाज तयार होतो. १८७३ साली सत्यशोधक समाजाने भटजींवाचून विवाह लावण्यास प्रारंभ केला तेव्हा जोतीरावांनी हेच ओळखले होते. त्यांनी केवळ मत बदलले नाही. ते मत असणाऱ्यांना एकमेकांची सोयरीक मिळवून दिली. म्हणून पुरोगामी कार्यकर्त्यापुढचा पहिला प्रश्न साधा आहे. तेराव्या मजल्यावर राहायला तो भीत नाही, हे ठीक. मुलाचे स्थळ पाहताना मुलीची पत्रिका मागायची नाही, हे तो आपल्या घरात, आपल्या आईसमोर, आपल्या भावकीसमोर सांगतो काय? 'माझा विश्वास नाही, पण घरच्यांचे मन मोडवत नाही' हे वाक्य तो उच्चारत असेल, तर तोही त्या साखळीतील एक कडी आहे.

२०२६ हे पुन्हा अग्नि-अश्वाचे वर्ष आहे. जपानी पाळण्यांची मोजदाद जपानी लोक करतील. त्या वर्षी मराठी घरांत ज्या मुली जन्माला येतील, त्यांच्या जन्माचा आकडा शुभ की अशुभ हे कोणत्याही नक्षत्राच्या हाती नाही. ते या सभेला जमलेल्या आणि घरी परत जाणाऱ्या माणसांच्या हाती आहे.